दोह्याला ‘बॅचलर’ म्हणून येतोयस की ‘फॅमिली’ म्हणून?

तुझा मेसेज दोनदा वाचला. चाकणला क्वालिटीत आहेस, वय 31, दोह्याच्या कंपनीची ऑफर हातात, बायको कोथरूडला तुझ्या आईबाबांजवळ राहून नोकरी करते, मुलगी 2 वर्षांची. पगार, खोली, खाणंपिणं सगळं विचारलंस आणि शेवटी सहज टाकलंस, “तिथे सगळे पुरुषच असतात म्हणे, खरं का? आणि हिला नंतर आणता येईल ना?” मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. बाकीची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

खरं आहे. दोहा ज्याची राजधानी, त्या कतारची लोकसंख्या 30 लाखांच्या आसपास, आणि चारांत जवळजवळ तीन पुरुष. इथे मुली कमी जन्मतात असं मुळीच नाही. शाळा सुटताना दारात उभा राहा, मुलगे-मुली सारखेच दिसतील. तफावत आहे ती कमावत्या वयात, विशी ते पन्नाशी. बांधकाम, गॅस, ड्रायव्हिंग, सिक्युरिटी यांसाठी बाहेरून पुरुष आणले आणि व्हिसा फक्त त्यांचा काढला. 2010 च्या जनगणनेत 17 लाख होते. त्यानंतर वर्ल्डकपची कामं निघाली आणि आकडा कुठल्या कुठे गेला. म्हातारेही फारसे दिसत नाहीत, कारण काम संपलं की व्हिसा संपतो.

इथला एक शब्द आधी शिकून घे: बॅचलर. लग्न झालेलं असो, दोन पोरं असोत, बायको सोबत नसेल तर तू बॅचलर. खोलीच्या जाहिरातीत तसंच लिहितात. 2010 च्या 15 क्रमांकाच्या कायद्याने कामगारांची बिऱ्हाडं कुटुंबवस्तीत ठेवायला बंदी घातली. मेट्रोच्या डब्यांतही स्टँडर्ड जागा वेगळी, फॅमिलीची वेगळी. पहिल्या वर्षी एका शुक्रवारी मला मॉलच्या दारातच अडवलं, आज फक्त फॅमिली म्हणून. अडवणारा नेपाळी होता, त्याची बायकोही गावी. “सॉरी दाई,” म्हणजे सॉरी दादा, म्हणाला बिचारा. दोन बॅचलर एकमेकांची तोंडं बघत उभे.

याचं नवल वाटत असेल तर आपल्याच घरात डोकाव. आम्ही मूळचे गुहागरकडचे. आजोबा गिरणगावात, खोलीत दहा-बारा जण, पाळ्या लावून झोपायचे, जेवायला खानावळ. आजी गावी भात लावायची आणि मनीऑर्डरवर अंगठा उठवायची. आजोबा दिसायचे गणपतीला आणि शिमग्याला. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या आणि मुंबई शहरात 832. एकाच घराचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांत मोजले गेले, दुसरं काही नाही. रत्नागिरीचा आकडा बघून ‘तिकडे मुलींना मान आहे’ असं म्हणणारे भेटतात. त्यांनी 6 वर्षांखालच्या मुलांचा आकडा बघावा, तिथेही हजाराला हजार मुली नाहीत. केरळचे 1084 निघाले, त्यातही आखाती देशांचा हात आहेच. आणि आपला पुणे जिल्हा? 915. त्यात गर्भातच मुली नाकारल्याचं पाप आहे, पण तुझ्या चाकणमध्ये एका खोलीत सहा-सहा जण राहणारी, मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली पोरंही आहेत. तू रोज दोह्याची छोटी आवृत्ती बघतोच आहेस.

आजीला कोणी विचारलं नव्हतं. तू बायकोला विचारलंस का? मी नव्हतं विचारलं. तुझी वहिनी तीन वर्षं सिंहगड रोडला माझ्या आईबाबांजवळ राहिली. पैसे मी बाबांच्या खात्यावर पाठवायचो, वाटायचं घर एकच तर आहे. पोराच्या शाळेच्या बुटांसाठी तिला सासऱ्यांकडे मागावं लागायचं, हे मला दीड वर्षाने कळलं, तेही मेव्हण्याकडून. मग तिचं वेगळं खातं, पैसे थेट तिच्याकडे, फ्लॅटच्या कामांसाठी तिच्या नावे मुखत्यारपत्र. त्यानंतर सोसायटीच्या मीटिंगला तीच जायला लागली आणि बिल्डरशी भांडून पार्किंगही तिनेच मिळवलं. नवरा परदेशी गेला की बायको आपोआप मोकळी होते, असं काही नसतं. पैसा कोणाच्या हातात येतो त्यावर सगळं ठरतं. ही कामं विमानात बसायच्या आधी उरक.

आता ऑफर. ‘नंतर आणता येईल’ असं एचआर फोनवर म्हणेल, त्यावर जाऊ नकोस. फॅमिली व्हिसाला पगाराची आणि घराची अट असते, तुझा पगार त्यात बसतो का ते आत्ताच बघ. करारात ‘फॅमिली स्टेटस’ लिहिलंय की ‘सिंगल’? घरभाडं, बायको-मुलीचं वार्षिक तिकीट, पुढे शाळेची फी, सगळं त्या एका शब्दावर अवलंबून. सिंगल असेल तर पगार 20 टक्के जास्त दिसला तरी हुरळू नकोस. दुसरं बिऱ्हाड कोथरूडला चालतंच आहे. बायकोला इथे नोकरी करायची तर तिचं वर्क परमिट वेगळं निघतं. मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावर सही एकाच दिवशी उरकतात. तिथे मागे रांग असते, पण करार वाचून मगच सही कर.

खाण्याचं काय, इथे पोहेसुद्धा मिळतात.

ऑफर लेटरचं भत्त्यांचं पान मला पाठव. आणि पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा स्पीकरवर ठेव, बायकोलाही बसव.