सरकार न पडता होणारी ‘मध्यावधी’ निवडणूक

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टन येथे राहतो आणि आता तेथील नागरिक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता त्याच्याकडे असताना मतपत्रिका टपालाने घरी आली आणि चिरंजिवांनी चहा पिता पिता, स्वयंपाकघरातील टेबलावरच मतदान उरकले. ‘मध्यावधी निवडणूक आहे’ एवढेच तो म्हणाला. सरकार पडलेले नसताना मध्यावधी कशी? शिवाय एवढ्याशा राज्याला कनिष्ठ सभागृहात एक जागा आणि वरिष्ठ सभागृहात दोन, हे उलटे गणित कसे?
— एक निवृत्त शिक्षक, आचरा (ता. मालवण)

उत्तर : आपल्या गोंधळाचे मूळ शब्दात आहे, आणि त्याचा दोष आम्हा वृत्तपत्रवाल्यांकडे जातो. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे मुदतीपूर्वी सभागृह विसर्जित होऊन घ्यावी लागलेली निवडणूक. १९७१ ची लोकसभा निवडणूक तशी होती. त्याच निवडणुकीत राजापूर मतदारसंघातून मधू दंडवते प्रथम निवडून गेले, हे आपल्या पिढीला आठवत असेल. अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, मात्र कोणालाच विसर्जित करता येत नाही. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, सदस्याची दोन आणि सिनेटरची, म्हणजे सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याची, सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सिनेटर बदलतात किंवा पुन्हा निवडून येतात. साहजिकच एक निवडणूक अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या बरोबर मध्यावर येते. ‘मध्य’ आहे तो अध्यक्षाच्या मुदतीचा, सभागृहाच्या नव्हे. तिचा दिवसही कायद्याने ठरलेला आहे : सम वर्षातील नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. २०२२ मध्ये तो ८ नोव्हेंबरला आला होता आणि २०२६ मध्ये ३ नोव्हेंबरला येतो.

आता गणिताकडे वळू. २०२० च्या जनगणनेनुसार व्हरमाँटची लोकसंख्या ६,४३,०७७ आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ८,४९,६५१ होती, आणि तरीही आपल्याला रत्नागिरीच्या बरोबरीने अर्धाच खासदार मिळतो, असे म्हणायला हरकत नाही. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी लोकसंख्येप्रमाणे राज्यांत वाटल्या जातात. मात्र कितीही लहान राज्य असले तरी त्याला किमान एक जागा द्यावीच लागते. व्हरमाँटसारखी एका जागेची सहा राज्ये आहेत. या वाटपात गमतीही होतात : ९,८९,९४८ लोकवस्तीच्या डेलावेअरला एक जागा मिळाली, तर १०,८४,२२५ लोकवस्तीच्या मोंटानाला दोन.

सिनेटमध्ये लोकसंख्या मोजलीच जात नाही. १७८७ मध्ये राज्यघटना तयार होत असताना, समान प्रतिनिधित्व मिळाल्याखेरीज संघराज्यात येण्यास लहान राज्ये राजी नव्हती; त्या तडजोडीतून प्रत्येक राज्याला दोन सिनेटर मिळाले. जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोन आणि व्हरमाँटलाही दोनच. आपल्या राज्यसभेची रचना अशी नाही. तेथे महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि तेरेखोल ओलांडून गेले की गोव्याची एकच. आणखी एक फरक असा की, राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात. अमेरिकेतही १९१३ च्या घटनादुरुस्तीपर्यंत सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांकडून निवडले जात. त्यानंतर ते थेट मतदारांच्या मतांवर निवडून येऊ लागले.

म्हणूनच एका जागेच्या राज्यात एक विलक्षण गोष्ट घडते, जी मोठ्या राज्यात राहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रतिनिधी आणि सिनेटर या दोघांचा मतदारसंघ एकच, म्हणजे अख्खे राज्य. मतदारसंघाच्या सीमा सोयीप्रमाणे वाकवून घेण्याचा जो वाद अन्यत्र दर दशकात पेटतो, तो काँग्रेसच्या जागेबाबत येथे उद्भवतच नाही, कारण आखायला रेषाच नाही. परंतु जागा इतक्या मोजक्या असल्याने एकदा बसलेला माणूस सहसा उठत नाही, आणि उठलाच तर तो वरच्या सभागृहात जाण्यासाठी. बर्नी सँडर्स १९९१ पासून प्रतिनिधिगृहात होते. २००७ मध्ये ते सिनेटमध्ये गेले आणि त्यांच्या जागी पीटर वेल्च आले. पॅट्रिक लेही १९७५ पासून सिनेटमध्ये होते. ते २०२२ मध्ये पुन्हा उभे राहिले नाहीत, म्हणून वेल्च यांनी त्यांची जागा लढवली आणि वेल्च यांची जागा मोकळी झाली. आपण जो लिफाफा पाहिला, तो अशा दुर्मीळ वर्षातील होता.

प्रतिनिधिगृहाच्या जागेची खरी चुरस मात्र आपण तेथे पोचण्याआधीच, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ९ ऑगस्टच्या पक्षांतर्गत निवडणुकीत होऊन गेली होती. डेमोक्रॅटिक पक्षाकडून बेका बॅलिंट यांनी उपराज्यपाल मॉली ग्रे यांचा पराभव केला, आणि नोव्हेंबरात मोठ्या फरकाने विजयी होऊन त्या काँग्रेसवर गेल्या. तोपर्यंत एकाही स्त्रीला काँग्रेसवर न पाठवलेले व्हरमाँट हे पन्नासांतील एकमेव राज्य उरले होते. या पक्षांतर्गत निवडणुकीसाठी तेथे मतदाराला आपला पक्ष नोंदवावा लागत नाही. सर्व पक्षांच्या मतपत्रिका हाती येतात आणि त्यांतील एकच भरून द्यायची असते. आपल्याकडे उमेदवारी कोणाला द्यायची हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, त्यामुळे हा प्रकार ऐकून आपले स्थानिक पुढारी अस्वस्थ होतील, असा आमचा अंदाज आहे.

आपल्या मुलाला मतपत्रिका भरायला एक चहा पुरला, हे कौतुकास्पदच आहे. प्रतिनिधी आणि सिनेटर यांच्याखाली राज्यपाल, उपराज्यपाल, कोषाध्यक्ष, महाधिवक्ता, राज्य विधिमंडळाचे सदस्य, अगदी स्थानिक शांतिदंडाधिकारीसुद्धा त्याच कागदावर होते आणि त्या वर्षी राज्यघटनेतील दोन दुरुस्त्याही होत्या. नावापुढचा लंबगोल काळा करायचा, कागद आतल्या पाकिटात घालायचा आणि पाकिटावर सही करायची. बोटाला शाई नाही. या यादीत पक्षाकडे डोळे झाकून शिक्के मारले जात नाहीत, हेही त्या निकालात दिसले : दिल्लीऐवजी वॉशिंग्टन म्हणू या, तेथे दोन्ही जागांवर डेमोक्रॅट पाठवणाऱ्या मतदारांनीच राज्यपालपदी रिपब्लिकन फिल स्कॉट यांना प्रचंड बहुमताने पुन्हा बसवले.

२०२६ मध्ये मात्र आपल्या मुलाच्या मतपत्रिकेवर नियमित क्रमाप्रमाणे सिनेटची जागा येत नाही. सँडर्स यांच्या जागेची पुढची निवडणूक २०३० मध्ये आणि वेल्च यांच्या जागेची २०२८ मध्ये आहे.

प्रश्न : अशा निवडणुकीत अध्यक्षाचा पक्ष हरला, तर अध्यक्ष राजीनामा देतो काय?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. अध्यक्षाचे पद सभागृहातील बहुमतावर अवलंबून नसते. २०२२ मध्ये जो बायडेन यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृह गमावले, तरी ते २०२५ च्या जानेवारीपर्यंत अध्यक्ष राहिले. फक्त विधेयके संमत करून घेणे त्यांना जड गेले. त्या निकालात रिपब्लिकन २२२ आणि डेमोक्रॅट २१३ होते, आणि व्हरमाँटची एकुलती एक जागा त्या २१३ मध्ये होती.