वाचक विचारतात : कोटींचा गल्ला नेमका कोणाचा?

प्रश्न : एखाद्या चित्रपटाने दहा कोटींचा गल्ला जमवला असे छापून येते आणि महिन्याभराने त्याचाच निर्माता तोटा झाल्याचे सांगतो, हे कसे? गेल्या महिन्यात आम्ही एक मराठी चित्रपट पाहण्यासाठी दुसऱ्या शनिवारी जळगावला गेलो, तर तो उतरवलेला होता. हे कोण ठरवते?
— एक वाचक, यावल

उत्तर : आपण केळीच्या पट्ट्यातले, तेव्हा दिल्लीत केळी ज्या भावाने विकली जाते तो भाव बागाईतदाराच्या हाती पडत नाही, हे आपणास वेगळे सांगायला नको. छापून येणारा दहा कोटींचा आकडाही ग्राहकाने मोजलेल्या पैशांचाच असतो. 236 रुपयांच्या तिकिटातले 36 रुपये वस्तू व सेवा कराचे. उरलेल्या 200 रुपयांची चित्रपटगृह आणि वितरक (निर्मात्याचा चित्रपट चित्रपटगृहांपर्यंत पोहोचवणारा) यांच्यात वाटणी होते. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील 2009 च्या वादानंतर हिंदी चित्रपटांसाठी जो तोडगा निघाला, त्यानुसार वितरकाला पहिल्या आठवड्यात निम्मी, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस टक्के रक्कम मिळते; म्हणजे त्याच तिकिटातले त्याचे 100 रुपये चौथ्या आठवड्यात 60 वर येतात. या हिशेबाने दहा कोटींचा सगळा गल्ला पहिल्याच आठवड्यातला धरला, तरी वितरकाकडे सव्वाचार कोटींच्या आसपास येतात, आणि त्यातून त्याचे कमिशन, जाहिरात व डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क वजा होते. चित्रपटाला सहा कोटी लागले असतील, तर निर्मात्याचे रडगाणे खोटे नसते. (प्रत्येकाचे खरेच असते, असे मात्र मी म्हणणार नाही.)

या आकड्याची झळ माणसांना फार लांबवर लागते. 1959 मध्ये ‘कागज के फूल’ कोसळल्यावर गुरुदत्त यांनी पुन्हा दिग्दर्शक म्हणून आपले नाव लावले नाही, आणि आज तोच चित्रपट त्यांच्या थोरवीचा पुरावा मानला जातो. राज कपूर मात्र 1970 च्या ‘मेरा नाम जोकर’च्या तोट्यातून 1973 च्या ‘बॉबी’ने सावरले, पण त्यांच्यामागे स्वतःचा स्टुडिओ आणि नाव होते. पहिलाच चित्रपट पडलेल्या नवख्या दिग्दर्शकापाशी यातले काहीच नसते. यशाचेही तसेच : 2016 मध्ये ‘सैराट’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडल्यावर हिंदी आणि कन्नडमध्ये त्याची नवी रूपे निघाली.

आता आपल्या हुकलेल्या चित्रपटाविषयी. कापूस घरात भरून भाव चढण्याची वाट पाहता येते. कापलेल्या घडाला ती सोय नाही, आणि चित्रपट हा त्या घडासारखा आहे. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या आणि सोमवारी त्यातल्या किती टिकल्या, हे पाहून चित्रपटगृहाचा चालक पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरवतो, आणि त्याच वेळी नव्या मोठ्या हिंदी चित्रपटाचा वितरक जास्तीत जास्त खेळ मागत असतो. मराठी चित्रपटाला बहुधा सकाळचा किंवा भरदुपारचा खेळ मिळालेला असतो. त्याला गर्दी जमली नाही की मागणीच नाही, असा अर्थ लावला जातो. हा अर्थ मला अन्यायाचा वाटतो, कारण तालुक्याच्या गावातला प्रेक्षक आधी पाहून आलेल्याकडून ऐकतो, सवड काढतो आणि मग निघतो. आपण दुसऱ्या शनिवारी निघालात, तोवर पहिल्या सोमवारच्या आकड्यांवरून निकाल लागून गेलेला होता.