हॉलिवूडच्या मदतीशिवाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःचे चित्रपट कधी काढले का?

हो, तेही मूकपटांच्या काळात! ऑस्कर मिशो हे नाव शोधा. साउथ डकोटात शेती केलेला हा माणूस स्वतःची पुस्तकं दारोदार विकायचा. त्याच्या ‘द होमस्टेडर’ कादंबरीवर लिंकन मोशन पिक्चर कंपनीला (तीही कृष्णवर्णीयांचीच) चित्रपट काढायचा होता. मिशो अडून बसला, दिग्दर्शन मीच करणार. बोलणी फिसकटली. मग गड्याने स्वतःची कंपनी काढून शेअर विकले. घेणाऱ्यांत आयोवातल्या सू सिटीच्या आसपासचे गोरे शेतकरीही होते, हे मला भारी वाटतं. १९१९ मध्ये चित्रपट लागलाही.

पुढच्याच वर्षी ‘विदिन अवर गेट्स’. त्यात जमाव एका कष्टकरी कृष्णवर्णीय जोडप्याला फासावर चढवतो, ते त्याने सरळ पडद्यावर दाखवलं. शिकागोत वांशिक दंगली नुकत्याच झालेल्या, त्यामुळे तिथल्या सेन्सॉरने आधी नकारच दिला. हा चित्रपट पुढे हरवला. कित्येक दशकांनी एक प्रत सापडली ती थेट स्पेनमध्ये, ‘ला नेग्रा’ या नावाने.

मिशोने चाळीसहून जास्त चित्रपट काढले. पैसा कायम तुटपुंजा, त्यामुळे काही दृश्यं कच्ची वाटतात खरी. पण सुरुवात करायची तर ‘विदिन अवर गेट्स’पासूनच करा.