छायाचित्रांचा संग्रह विकण्याआधी : वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न : माझे सासरे शिक्षक होते आणि जुनी छायाचित्रे जमवण्याचा त्यांना नाद होता. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या मागे दोन लाकडी पेट्या, चामडी बांधणीचा एक मोठा अल्बम आणि काचेच्या निगेटिव्हचे पाच खोके एवढा संग्रह आमच्या घरात आहे. छायाचित्रे चारशेच्या आसपास भरतात. अल्बममध्ये मुंबई, काश्मीर, वेरूळ अशा ठिकाणांची तपकिरी छायाचित्रे आहेत, पेट्यांमध्ये जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली माणसांची छायाचित्रे आहेत, आणि काचा सासऱ्यांनी गावातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओकडून घेतल्या होत्या. आम्ही आता लहान सदनिकेत राहायला जाणार असल्यामुळे हे सारे सांभाळणे कठीण होईल. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून एकरकमी पैसे देऊ केले आहेत आणि आठ दिवसांत उत्तर मागितले आहे. यजमानांचा पुतण्या लंडनला असतो. तिकडच्या लिलावात अधिक पैसे मिळतील, दिवाळीला येईन तेव्हा बॅगेतून घेऊन जातो, असे त्याचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे? विकण्याआधी साफसफाई करून फ्रेम करून घ्याव्यात का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पहिली विनंती अशी, की आठ दिवसांत कोणतेही उत्तर देऊ नका. तीन वर्षे घरात राहिलेला संग्रह आणखी तीन महिने राहू शकतो, आणि आपल्याजवळ नेमके काय आहे हे ठाऊक नसताना ठरलेली किंमत नेहमी घेणाऱ्याच्या बाजूची असते. व्यापारी लबाडच असतात असे मला म्हणायचे नाही. मात्र तो पेटी उघडताच त्यातली दहा-पंधरा छायाचित्रे हेरतो, त्यांवर आपला हिशेब बसवतो आणि उरलेली सारी जमेस धरतच नाही. आपल्याला ती दहा-पंधराही ओळखायची आहेत आणि उरलेल्यांचे मोलही जाणून घ्यायचे आहे.

त्यासाठी यादी करा. एक वही घ्या, प्रत्येक छायाचित्राला क्रमांक द्या, आणि मापे, पुठ्ठ्यावर छापलेले स्टुडिओचे नाव व पत्ता, मागे हाताने लिहिलेला मजकूर आणि फाटलेले किंवा डागाळलेले भाग हे सारे त्या क्रमांकासमोर नोंदवा. क्रमांक छायाचित्रावर लिहायचाच झाला तर मऊ पेन्सिलीने, मागच्या कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन, चिकटपट्टी आणि डिंक यांना जवळपासही येऊ देऊ नका. सासऱ्यांच्या जुन्या वह्या, पत्रे, खरेदीच्या पावत्या सापडल्या तर त्या संग्रहाचाच भाग समजा. छायाचित्र कोठून आले, कोणाकडून आले, कधी आले हे लेखी सांगता येणे यालाच या व्यवहारात सर्वाधिक वजन आहे, आणि ते वजन नंतर कितीही पैसे दिले तरी विकत मिळत नाही.

यादी करताना एक भिंग जवळ ठेवा. तपकिरी किंवा जांभळट छटेचे, अगदी पातळ कागदावरचे, वरून चकाकणारे आणि भिंगाखाली कागदाचे तंतू दिसणारे छायाचित्र बहुधा अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापलेले असते. ही पद्धत 1850 मध्ये फ्रान्समध्ये निघाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वत्र चालली. काळ्या-पांढऱ्या छटेचे, काळ्या भागांवर तिरप्या उजेडात रुपेरी चमक येणारे छायाचित्र त्यानंतरच्या जिलेटिन कागदावरचे असण्याचा संभव मोठा. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छायाचित्र नसून छापखान्यात छापलेले चित्र आहे असे समजावे. पेट्यांतील पुठ्ठे साधारण अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच असतील, तर ती भेटकार्डाच्या आकाराची छायाचित्रे. सव्वाचार बाय साडेसहा इंचांची असतील, तर 1866 नंतर प्रचारात आलेली कॅबिनेट कार्डे.

आपल्या अल्बमविषयी मला सर्वाधिक उत्सुकता आहे. काश्मीरच्या दृश्यांच्या कोपऱ्यात बोर्न हे नाव आणि आकडा उमटलेला आहे का, ते पाहा. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न 1863 मध्ये हिंदुस्थानात आले आणि त्यांची हिमालयातील दृश्ये पुढे बोर्न अँड शेफर्ड या स्टुडिओच्या सूचीतून वर्षानुवर्षे विकली गेली. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांवरही अनेकदा नाव व क्रमांक आढळतो. त्यांनी 1896 मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला होता. त्याआधीचे छायाचित्रकार विल्यम जॉन्सन, हरिश्चंद्र चिंतामण किंवा डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यापैकी कोणाचे काम निघाले, तर तो अल्बम जाणकाराने पाहिल्याखेरीज घराबाहेर जाता कामा नये. मात्र एक सावधगिरी बाळगा. मोठे स्टुडिओ जुन्या निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षे नव्या प्रती काढून विकत असत, त्यामुळे दृश्य 1860 च्या दशकातले असले तरी आपल्या हातातील प्रत तेव्हाचीच असेल असे नाही, आणि या दोहोंच्या किमतींत मोठे अंतर पडते.

अल्बममधून एकही पान सुटे करू नका. हे मी इतके आग्रहाने लिहितो, कारण पाने कापून नावाजलेली आठ दृश्ये विकली गेल्यावर मागे राहिलेला एक अल्बम मी स्वतः पाहिला आहे. त्या पानांखाली कोणीतरी शाईने प्रवासाचा क्रम, मुक्कामांची नावे आणि बरोबरच्या माणसांची आद्याक्षरे लिहिली होती. अर्धी वाक्ये कापलेल्या पानांबरोबर गेली, आणि उरलेल्या अर्ध्यांवरून तो प्रवास कोणाचा होता हे आता कोणालाही सांगता येणार नाही. आठ दृश्यांना चांगले पैसे मिळाले असतील, पण अखंड अल्बम एखाद्या वस्तुसंग्रहालयाने मोलाने घेतला असता असे मला आजही वाटते.

साफसफाई आणि फ्रेम यांचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. मऊ, कोरड्या कुंचल्याने पुठ्ठ्यांवरची धूळ झटका, एवढेच. ओले कापड, खोडरबर, स्पिरिट यांतले काही वापरू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण ते काढता येत नाही आणि लॅमिनेट केलेल्या मूळ छायाचित्राला जाणकार ग्राहक हात लावत नाही. काचा कडांना धरूनच उचला, त्यांची निस्तेज बाजू पुसू नका, आणि त्या आडव्या रचण्याऐवजी साध्या कागदाच्या पाकिटांत घालून लांब कडेवर उभ्या ठेवा. वाळवी, कसर आणि ओल यांपासून पेट्या दूर ठेवण्यासाठी त्या जमिनीवरून आणि बाहेरच्या भिंतीपासून हलवा.

आता विक्री. संग्रह एकत्र विकावा की सुटा, असे आपण विचारलेले नाही, पण प्रश्नाचा गाभा तोच आहे. माझे मत असे, की संग्रहाचे तुकडे करायचेच असतील तर ते त्याच्या स्वतःच्या सांध्यांवरून करावेत. अल्बम हा एक घटक आहे. तो भारतातील एखाद्या नामांकित लिलावगृहाला छायाचित्रे पाठवून दाखवावा, किमान दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्यावा, आणि ज्याच्याखाली विकायचे नाही ती राखीव किंमत आधी ठरवावी. लिलावात पुकारलेला आकडा तसाच आपल्या हाती पडत नाही. अडत, विमा, वाहतूक, सूचीसाठीचे छायाचित्रण हे काय काय वजा होणार आणि माल न विकला गेल्यास परत आणण्याचा खर्च कोणाचा, हे करारात वाचूनच सही करावी. पुठ्ठ्यांवरच्या छायाचित्रांपैकी ज्यांवर स्टुडिओचे नाव आणि माणसांची नावे दोन्ही आहेत ती वेगळी काढा. नाव नसलेली विखुरलेली कार्डे संग्राहकांना थेट किंवा व्यापाऱ्याला विकायला हरकत नाही, आणि तिथे आपल्या व्यापाऱ्याशी पुन्हा बोलता येईल.

काचांचे मात्र तसे करू नका. बाजारात त्यांना फारसा भाव नाही, फुटण्याच्या भीतीने त्या कोणी सुट्या घेत नाही, आणि म्हणूनच एकरकमी सौद्यात त्या फुकट जातात. पण एकाच गावातल्या एकाच स्टुडिओच्या पाच खोके काचा म्हणजे त्या गावातल्या कैक वर्षांच्या लग्नांची, मुंजींची, शाळांची, पैलवानांची, गवयांची नोंद असू शकते, आणि मिरजेसारख्या संगीताच्या आणि तंतुवाद्यांच्या गावात तिचे मोल मी वेगळे सांगायला नको. दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात एकत्र आहेत, म्हणून त्यांचा अभ्यास होऊ शकतो. दिल्लीचा अल्काझी संग्रह, बंगळुरूचे म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अशा संस्थांना यादीसह पत्र लिहा. संस्थांचे निर्णय सावकाश होतात आणि कधी कधी त्या विकत न घेता देणगी मागतात. अल्बमचे पैसे पदरात पडले असतील, तर काचा देणगी म्हणून द्याव्यात, पण संग्रहाला सासऱ्यांचे नाव देण्याची अट लेखी घालावी, असा माझा कौल आहे.

पुतण्याला बॅगेतून काही नेऊ देऊ नका. पुरावशेष आणि कलामूल्य वस्तू यांविषयीच्या 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती, आणि ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित किंवा कागदपत्र असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. आपली छायाचित्रे त्या व्याख्येत बसतात की नाही हे घरात ठरवण्याची गोष्ट नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ते लेखी घ्यावे लागते. चूक झाली तर विमानतळावर अल्बमही जाईल आणि मुलाच्या मागे खटलाही लागेल.

आणखी दोन गोष्टी. सासऱ्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर संग्रहावर आपल्या यजमानांबरोबर सासूबाई, दीर आणि नणंदा यांचाही वाटा आहे. विवाहित नणंदेचा हक्क भावांइतकाच आहे. सर्वांची लेखी संमती आधी घ्या, कारण पैसे आल्यानंतर मागितलेली संमती घरे तोडते. दुसरे असे, की छायाचित्र विकणे म्हणजे त्याचे प्रताधिकार (कॉपीराइट) विकणे नव्हे. 1957 च्या कायद्यात ज्याने पैसे देऊन छायाचित्र काढून घेतले तोच, वेगळा करार नसेल तर, प्रताधिकाराचा पहिला मालक मानला आहे. स्टुडिओतल्या त्या काचांवर टिपलेल्या माणसांचे हक्क आपल्याकडे आलेलेच नाहीत. म्हणून एखाद्या ग्राहकाने ‘सर्व हक्कांसह’ असे लिहिलेला कागद पुढे केला, तर ते शब्द खोडायला लावा आणि पावतीत फक्त वस्तूंची यादी, क्रमांक व रक्कम येऊ द्या. अल्बमची रक्कम मोठी आली, तर करासाठी विक्रीच्या आधीच सनदी लेखापालाला भेटा.

प्रश्न : आजोबांची काही जुनी छायाचित्रे विकायची आहेत. विकण्यापूर्वी त्यांचे स्कॅन करून ठेवले तर मूळ प्रतींची किंमत कमी होते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होत नाही. किंमत त्या कागदाची, त्या छपाईची आणि त्याच्या जुनेपणाची असते. पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू किमान 600 डीपीआयवर, कडेला मोजपट्टी ठेवून स्कॅन करा. पुठ्ठा वाकलेला असेल तर तो काचेखाली दाबू नका, वरून कॅमेऱ्याने टिपा. विक्रीपूर्वी ग्राहकांना पाठवायला लहान आकाराची प्रत पुरते, मोठी घरातच ठेवा. आणि आजोबांना ओळखणारे कोणी वडीलधारे अजून असतील, तर छायाचित्रे हातची जाण्याआधी त्यांच्यासमोर बसून एकेका चेहऱ्याचे नाव विचारून लिहून घ्या. हे काम विक्रीनंतर करता येणार नाही.