एसइओ करताना गूगलची पेनल्टी बसू नये म्हणून नेमकं काय टाळावं?

तुमचे दोन प्रश्न आहेत: एसइओ करताना, म्हणजे साइट गूगलच्या निकालांत वर आणताना, पेनल्टी टाळायची कशी, आणि महिन्याभरात ट्रॅफिक निम्म्यावर आलं ते पेनल्टीमुळेच का. दुसरा आधी घेतो, कारण त्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं.

सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं मोफत टूल) उघडा आणि डावीकडच्या यादीत खाली जाऊन 'मॅन्युअल अॅक्शन्स' पाहा. तिथे काही अडचण नाही असं दिसलं, तर तुमच्यावर पेनल्टी नाही. गूगलच्या माणसाने साइट तपासून केलेली कारवाई म्हणजे मॅन्युअल अॅक्शन, आणि ती झाली की तिथे कारणासकट लिहून येते. बाकी घसरणीला लोक सरसकट पेनल्टी म्हणतात, पण त्यातली बरीचशी एकतर गूगलच्या अपडेटचा, म्हणजे निकाल लावण्याच्या पद्धतीतल्या बदलाचा, फटका असते नाहीतर स्वतःचीच चूक. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये आलेख नेमका कोणत्या तारखेला वाकला ते बघा आणि ती तारीख गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवरच्या अपडेटच्या तारखांशी ताडून पाहा. जुळत नसेल तर आधी घरात शोधा. नवी थीम टाकताना 'नोइंडेक्स' (हे पान निकालांत दाखवू नका असं सांगणारा कोड) तसाच राहिला का? यूआरएल, म्हणजे पानांचे पत्ते, बदलले आणि ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) द्यायचे राहिले का? रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जायचं नाही हे सांगणारी फाइल) 'डिसअलाऊ'पुढे नुसता एक स्लॅश उरला असेल, तर अख्ख्या साइटचं क्रॉलिंग, म्हणजे गूगलच्या बॉटने पानं वाचणं, बंद होतं. एवढ्याशा चिन्हापायी लोक महिनाभर पेनल्टी शोधत बसतात.

आता टाळायचं काय. सगळ्यात जास्त साइट्स जिथे अडकतात ते म्हणजे विकतचे बॅकलिंक, अर्थात दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आलं ते याच धंद्यावर, आणि सप्टेंबर २०१६ पासून ते मुख्य अल्गोरिदमचाच भाग आहे. पकडलं जाण्याचं मुख्य कारण अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक दिलेली असते ते शब्द. लोक आपणहून लिंक देतात तेव्हा कुणी साइटचं नाव लिहितं, कुणी नुसता पत्ता चिकटवतं, कुणी 'इथे वाचा' म्हणतं. समजा पंप विकणाऱ्या साइटला पन्नास लिंक आहेत आणि त्यातल्या चाळिसांवर 'स्वस्त वॉटर पंप' असंच लिहिलंय, तर त्या कशा आल्या हे कुणालाही कळेल. सर्च कन्सोलच्या लिंक्स रिपोर्टमध्ये 'टॉप लिंकिंग टेक्स्ट' उघडा आणि स्वतःच बघा. जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घ्यायला मनाई नाही, फक्त त्या लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' असायला हवं. 'महिन्याला पाचशे बॅकलिंक'चं पॅकेज मात्र स्वस्तातही घेऊ नका.

डिसअव्हाऊ टूलला, म्हणजे 'या लिंक माझ्या धरू नका' असं गूगलला कळवायच्या सोयीला, उगाच हात लावू नका. कुठल्यातरी भंगार साइटने तुम्हाला लिंक दिली तर गूगल ती बहुतेक वेळा सोडून देतं. लिंक तुम्ही किंवा तुमच्या एजन्सीने लावून घेतल्या असतील, त्या काढून मिळत नसतील आणि कारवाई झाली असेल किंवा होण्याची भीती असेल, तरच फाइल बनवा. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एकच नोंद. पूर्ण साइट नाकारायची तर 'डोमेन' हा शब्द इंग्रजीत, पुढे कोलन आणि जागा न सोडता साइटचं नाव. नवी फाइल चढवली की जुनी यादी पुसली जाते, म्हणून जुन्या नोंदी नव्या फाइलमध्येही ठेवा. आणि सर्च कन्सोलमध्ये साइट डोमेन प्रॉपर्टी म्हणून (अख्खं डोमेन एकत्र) जोडली असेल तर हे टूल तिच्यावर चालत नाही, त्यासाठी यूआरएल-प्रीफिक्स प्रॉपर्टी (ठरावीक पत्त्याने सुरू होणारी पानं) वेगळी जोडावी लागते.

मजकुराचं म्हणाल तर मार्च २०२४ पासून घाऊक पानं पाडण्यावर स्पष्ट नियम आहे. ती माणसाने लिहिली की एआयने, हा मुद्दाच नाही. गावाचं नाव बदलून तीनशे पानं केली असतील तर कुठलीही दोन शेजारी उघडा आणि गावाचं नाव झाकून वाचा. उरलेला मजकूर सारखाच असेल तर ती डोअरवे पानं झाली, त्यांचं एकच चांगलं पान करा. मोठं नाव असलं म्हणून इथे सूट मिळत नाही: २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट डोअरवे पानांमुळेच इंडेक्समधून, म्हणजे गूगलच्या पानांच्या यादीतून, बाहेर गेली होती. याउलट, एकच वस्तू दोन यूआरएलवर दिसणं हा गुन्हा नाही, कॅनॉनिकल टॅग (यातलं मुख्य पान कोणतं हे सांगणारा कोड) लावा आणि विसरा. कीवर्ड डेन्सिटी, म्हणजे लोक शोधतात तो शब्द मजकुरात येण्याचं प्रमाण, दोन टक्के ठेवा असं सांगणारे अजूनही भेटतात. गूगलने असा आकडा कधीच दिलेला नाही. वाक्य मोठ्याने वाचा, कीवर्ड दाताखाली खडा येतो तसा लागला तर काढा.

एक जागा हमखास राहून जाते: तुम्ही न लिहिलेली पानं. सर्च बॉक्समध्ये 'साइट', कोलन आणि आपलं डोमेन टाकून निकालाची मागची पानं चाळा. जपानी अक्षरं, औषधं, जुगार असलं काही दिसलं तर साइट हॅक झालेली आहे किंवा सदस्यांच्या प्रोफाइल पानांवर स्पॅम साचलाय. हॅकर बरेचदा तो मजकूर फक्त गूगलच्या बॉटलाच दाखवतो, त्यामुळे ब्राउझरमध्ये पान स्वच्छ दिसतं. सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून गूगलला काय दिसतं ते तपासा. कमेंटमधल्या लिंकच्या कोडमध्ये 'यूजीसी' (ही लिंक वाचकाने टाकलेली आहे अशी खूण) लावा. नको असलेल्या पानांवर नोइंडेक्स लावलात तर तीच पानं रोबोट्स फाइलमध्ये अडवू नका, कारण बॉट आत गेला नाही तर त्याला नोइंडेक्स दिसणार कसा?

मॅन्युअल अॅक्शन आधीच असेल तर नमुन्याला दाखवलेली दोन-चार पानं सुधारून भागत नाही, तसली सगळी सुधारा. मगच रीकन्सिडरेशन रिक्वेस्ट, म्हणजे कारवाईचा फेरविचार करा अशी विनंती, पाठवा. तिच्यात चूक काय होती, काय केलं आणि आता स्थिती काय आहे एवढंच लिहा, आणि कोणत्या साइटला लिंक काढायला कधी कळवलं त्याची शीट जोडा. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात, तोवर दुसरी रिक्वेस्ट पाठवू नका. कारवाई उठली तरी जुनं रँकिंग जसंच्या तसं परत येईल असं धरून चालू नका, कारण ते ज्या लिंकच्या जोरावर आलं होतं त्या आता मोजल्या जाणार नाहीत.