जुना अडॅप्टर, एलईडी पट्टीचे उरलेले तुकडे आणि काचेची बरणी घरात पडून आहे. यातून टेबललॅम्प होईल का?

होईल. पण बरणी राहू द्या, आधी अडॅप्टर तपासा. असे दिवे बिघडतात ते बहुतेक तिथेच.

त्यावर आउटपुट १२ व्होल्ट डीसी लिहिलेलं हवं. आउटपुटलाच एसी लिहिलेला बाजूला ठेवा. काही न जोडता मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला आणि १२ ते १२.५ दिसलं, तर ठीक. हाताला जड लागणारे जुने ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर मोकळे असताना १५-१७ व्होल्टही दाखवतात, ते नकोत. पट्टीत तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात. ते मिळून साधारण ९ व्होल्ट घेतात आणि उरलेले ३ रेझिस्टरवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या छोट्या भागावर पडतात. १५ व्होल्ट दिले की रेझिस्टरवर ३ ऐवजी ६ येतात, म्हणजे करंट जवळजवळ दुप्पट. पट्टी सुरुवातीला झकास उजळते आणि लवकरच मरते. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर याच कारणाने थेट जोडू नये.

आता वॉट. मीटरला ६० एलईडी असलेली साधी पट्टी मीटरमागे ४.८ वॉट घेते, तेवढ्याच एलईडींची ५०५० जातीची (५ बाय ५ मिमीचे मोठे एलईडी असलेली) १४.४. १२ व्होल्ट, अर्धा अँपिअरचा अडॅप्टर ६ वॉटचा; त्यावर पाचाच्या आत राहा. साध्या पट्टीचे १५ सेंमीचे चार तुकडे सुमारे २.९ वॉट घेतील, निवांत चालतील. कापायचं ते खुणेवरच. या पट्टीत ती दर ५ सेंमीला असते.

तुकडे २० मिमी चौकोनी अ‍ॅल्युमिनियम नळीच्या चार बाजूंना चिकटवा. नळी उष्णता ओढून घेते, नुसत्या काचेवर चिकटवलेली पट्टी तापत राहते. जुना गोंद वाळला असेल तर पातळ दुहेरी टेप लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. आणि कापलेल्या टोकांखाली इन्सुलेशन टेप हवीच, नाहीतर तांब्याचे ठिपके नळीला टेकून शॉर्ट होतो. ही चूक फार सहज होते.

चारही तुकडे पॅरललमध्ये: प्लसला प्लस, मायनसला मायनस. ठिपक्याला सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलात तर ठिपकाच उचकटून येतो. पट्टीवर सिलिकॉनचा थर असेल तर आधी ब्लेडने खरवडा. उलटं जोडलं तर पट्टी लागणार नाही, एवढंच, वायरी बदला.

झाकणाला एक भोक वायरीसाठी आणि हवेसाठी ५ मिमीची चार-पाच पाडा. झाकणाच्या आतल्या बाजूला वायरीला गाठ मारा, म्हणजे ओढ गाठीवर येईल, सोल्डरवर नाही.

बरणीला आतून बटर पेपर लावा. एलईडी एकमेकांपासून जवळपास १७ मिमीवर असतात. कागदही त्यांच्यापासून निदान तेवढ्याच अंतरावर हवा, नाहीतर उजेडाऐवजी ठिपके दिसतात. म्हणून बरणी आतून ६ सेंमीहून अरुंद नको.

झाकण लावून अर्धा तास चालवा, अडॅप्टर काढा आणि लगेच नळीला बोट लावा. बोट ठेववत नसेल तर एक तुकडा कमी करा.