तंबोऱ्याची तक्रार कशी कळवावी

"जवारी बेकार आहे" एवढंच चारचौघांत लिहून मोकळा होऊ नकोस. (जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आणलेली आवाजाची गुंज.) तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या सतारमेकरांपर्यंत तुझं मत पोचतं, पण बहुधा कुणीतरी फोनवर पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणून. त्याच्या भरवशावर घोडीवरून कानस फिरवता येत नाही.

मीही हेच केलं होतं. नवा तंबोरा, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार नुसती खडखडायची, रागारागात लिहिलं. दोन दिवसांनी कारागिराचाच फोन. त्यांनी एकच विचारलं, "सूर कुठला लावलाय?" तारा होत्या काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराच्या), मी त्याहून खाली काळी दोनला उतरवून बसलो होतो! तारा ढिल्या पडल्यावर दुसरं काय होणार.

तेव्हा आधी सूर लिही. घोडीवरचा दोरा पुढेमागे सरकवून पाहिलास का, तेही लिही. मग एकेक तार सुटी छेडून अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठव. फोन घोडीपासून हातभर लांब, भोपळ्याला चिकटवून नको. पावसाळ्यात आवाज बदलला असेल तर तसं सांग, लाकूड ओल धरतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं खरं, पण जवारी अजूनही कानाने आणि कानशीनेच लागते.